टाइल तिसऱ्यांदा बदलण्याआधी: तळमजल्याची फरशी दरवर्षी का खचते, आणि भराव कसा तपासायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. घर बांधून तीन-चार वर्षं झालेली. पहिल्या पावसाळ्यानंतर हॉलमधल्या चार टाइल पोकळ वाजायला लागल्या. दुसऱ्या पावसाळ्यानंतर स्कर्टिंग आणि फरशी यांच्यात बोटाचं टोक जाईल एवढी फट पडली. फरशीवाल्याला बोलावलं. त्याने टाइल उपटून नव्या बसवल्या, "या वेळी केमिकल वापरलंय, आता दहा वर्षं बघायला नको" असं सांगून पैसे घेऊन गेला. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत फट परत हजर.

यात फरशीवाल्याला शिव्या घालून उपयोग नाही. त्याने माल कितीही चांगला लावला तरी टाइल ज्यावर बसली आहे तेच खाली जात असेल, तर टाइल तरंगत कशी राहणार? घराचे कॉलम फुटिंगवर, म्हणजे जमिनीखालच्या काँक्रीटच्या रुंद पायावर, उभे असतात आणि फुटिंग, काम बरं झालं असेल तर, कठीण मुरमात किंवा दगडात टेकलेलं असतं. भिंती प्लिंथ बीमवर, म्हणजे जोत्याच्या पातळीला कॉलमांना जोडणाऱ्या तुळईवर. म्हणजे भिंती-कॉलम एका जागी ठाम, आणि फरशी मात्र जोत्यात टाकलेल्या तीन-चार फूट भरावावर. दोघांचा खाली काहीच संबंध नाही. भराव बसला की फरशी त्याच्याबरोबर जाते आणि स्कर्टिंग भिंतीला चिकटून वरच राहतं. फट दिसते ती त्या दोघांच्या फारकतीची.

मी खाली जे लिहितोय ते पठारावरच्या, म्हणजे मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नगर, पुण्याचा पूर्व भाग इथल्या आरसीसी फ्रेमच्या बैठ्या किंवा दुमजली घरांबद्दल आहे. कोकणात जांभ्यावर घर असेल तर काळ्या मातीचा भाग सोडून द्या. भरावाचा भाग मात्र तिथेही लागू होतो, उतारावरच्या प्लॉटला तर जास्तच, कारण तिथे अर्धं घर खोदलेल्या जमिनीवर आणि अर्धं भरावावर असतं.

आधी हे ठरवा: फरशी बसतेय की फुगतेय?

हा प्रश्न कुणी विचारतच नाही. दोन्हीकडे तडे जातात, दोन्हीकडे टाइल पोकळ वाजतात, पण कारण उलटं आणि उपायही उलटा. भराव बसत असेल तर खाली ठोस माल भरावा लागतो. खालची काळी माती फुगत असेल तर तोच ठोस माल भरून तुम्ही फक्त वरचा खर्च वाढवता, ती त्यालाही उचलते.

खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत जमिनीपासून मोजून सारख्या उंचीवर खिळे मारून दोरी ताणू नका. फरशीच वाकडी असेल तर त्या मोजण्याला अर्थ नाही. ट्यूब लेव्हल घ्या, पारदर्शक नळीतलं पाणी खोटं बोलत नाही. चारही भिंतींवर एकाच पातळीच्या पेन्सिलच्या खुणा करा, त्यावरून दोरी ताणा आणि दर दोन फुटांवर दोरीपासून फरशीपर्यंतचं अंतर मोजून कागदावर खोलीचा नकाशा काढून त्यात लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. बहुतेकांच्या बाबतीत या एका कागदावरच निम्मं निदान होऊन जातं.

भिंतीच्या कडेने फूट-दीड फुटाच्या पट्ट्यात फरशी खाली आणि खोलीच्या मधोमध बरी, असं दिसलं तर पायाच्या खड्ड्यांचा आणि चरांचा परतभराव बसतोय. खोदताना जेसीबीने फुटिंगभोवती हवा त्यापेक्षा मोठा खड्डा केला, कॉलम वर आले आणि मग तीच उकरलेली माती बकेटने ढकलून दिली. तिथे धुमस (माती ठोकून दाबायचं वजनदार अवजार) कुणी मारला नाही, कारण कॉलमच्या आजूबाजूच्या अडचणीत उतरायचं कुणाला नसतं. हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो.

मधोमध खोलगट आणि कडेला कमी, तर सगळा भरावच सैल आहे.

मधोमध उंच, कडेला खाली, जणू कासवाची पाठ, आणि आतल्या खोल्यांचे दरवाजे चौकटीत घासायला लागलेत, तर ते फुगणं आहे. घराच्या कडेची काळी माती उन्हाळ्यात वाळून आकसते, पावसाळ्यात फुगते. घराच्या पोटातल्या मातीला मात्र ऊन-वारा लागत नाही. तिथली ओल बाहेर पडायची वाट बंद झालेली असते, म्हणून ती वर्षानुवर्षं साठत जाते आणि मधली फरशी वर येत राहते. फरशीवर थेट उभी केलेली चार इंची भिंत असेल, स्वयंपाकघराच्या ओट्याची किंवा बाथरूमची, तर तिला आडवे-तिरके तडे आधी जातात.

आणि एकाच कोपऱ्यात, एकाच बाजूला, बाथरूमजवळ किंवा बाहेर पन्हाळीचं पाणी पडतं तिथेच बसत असेल, तर आधी पाणी बघा, मग माती.

तडा जिवंत आहे की जुना, हे कळायला काचेची पातळ पट्टी तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकांना सिमेंटच्या टिकल्या लावा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर हालचाल चालू आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा तरी ती ठेवायला हवी. काळ्या मातीत फक्त मे महिन्यात बघून निष्कर्ष काढला तर तो अर्धाच असतो.

कॉलमला, बीमला किंवा बाहेरच्या भिंतीला जिन्यासारखे तिरके तडे असतील, तर या लेखातलं पुढचं काही करत बसू नका. ते फरशीचं दुखणं नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

वहीतला हिशेब काढा

खड्डा खणण्याआधी एक बिनखर्चाची तपासणी. बांधकामाच्या वेळची वही, बिलं, ट्रिपच्या चिठ्ठ्या शोधा.

समजा जोत्याच्या आतलं क्षेत्र १००० चौरस फूट आणि भराव ३ फूट. झाले ३००० घनफूट, म्हणजे ३० ब्रास. आता हा दाबून बसलेल्या भरावाचा आकडा आहे. ट्रॉलीतला किंवा टिपरमधला मुरूम सैल असतो. नीट थर देऊन, पाणी मारून दाबला तर तो आकाराने बराच कमी होतो. ३० ब्रास दाबलेली जागा भरायला सैल मुरूम साधारण ३८-४० ब्रास तरी यायला हवा. वहीत ट्रिपा मोजून ३०-३१ ब्रासच निघाला, आणि तरी जोतं काठोकाठ भरलं असेल, तर दाबलेलं नाहीच. उरलेली जागा हवेने भरलेली होती आणि गेली तीन वर्षं ती हवा बाहेर पडतेय. किंवा दुसरी शक्यता: उरलेली जागा पायातून निघालेल्या काळ्या मातीने भरली. दुसरी शक्यता पहिलीपेक्षा वाईट.

सैल भराव उंचीच्या शेकडा पाच-सहा टक्के जरी बसला, तरी ४ फुटांत अडीच-पावणेतीन इंच होतात. आणि तो एका रात्रीत बसत नाही. पहिल्या पावसात थोडा, मोरी गळायला लागली की थोडा, कपाट जड झालं की थोडा. म्हणून दर दिवाळीला नवी फट.

इथे "भरावाला एक पावसाळा खाऊ द्यावा" या जुन्या सल्ल्याबद्दल बोलायला हवं. सल्ला चुकीचा नाही, पण त्याच्यावर जेवढं ओझं टाकलं जातं तेवढं तो पेलत नाही. पावसाचं पाणी वरच्या फूट-दीड फुटाला बसवतं. खालचे ढेकूळ तसेच राहतात, त्यांच्यामधल्या पोकळ्या झाकल्या जातात इतकंच. दोन दिवस पाइप लावून जोत्यात तळं करून ठेवायची पद्धतही अशीच. वाळू पाण्याने बसते, चिकणमाती मिसळलेला मुरूम पाण्याने बसत नाही, चिखल होतो. तो चिखल वाळला की आकसतो. भराव बसवायला पाणी लागतं ते बेताचं, आणि त्यासोबत वजनाचा ठोका लागतोच.

खड्डा करून बघा

वहीने सांगितलं ते डोळ्यांनी बघायचं. आतून बघायचं तर खोलीच्या सगळ्यात जास्त बसलेल्या जागी दोन टाइल काढा, खालचं पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट) फोडा. पीसीसी आणि भराव यांच्यात पोकळी दिसली, हात आत गेला, तर भराव खाली गेलाय आणि पीसीसीची पाटी काही दिवस लोंबकळत होती हे उघड झालं. मग पहारीने दोन फूट बाय दोन फूट उकरत खाली जा.

उकरताना काय बाहेर येतं ते नीट पाहा. चांगल्या भरावात थर दिसतात, एका रंगाच्या मालावर पहारीचा आवाज येतो, हाताने ढेकूळ सुटत नाही. वाईट भरावात मी काय काय पाहिलंय: सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, विटांचे अर्धुके, कुणीतरी प्यायलेल्या चहाचे कागदी कप, आणि या सगळ्यात काळ्याशार मातीचे टरबुजाएवढे गोळे. लाकडाचे तुकडे आणखी एक काम करतात, वाळवीला बोलावतात. एका घरात खोलीच्या चारही कोपऱ्यांत खणलं तर तीन कोपऱ्यांत लाल मुरूम आणि चौथ्यात बाजूच्या प्लॉटच्या जुन्या घराचा मलबा निघाला होता. फरशी अर्थात त्या चौथ्या कोपऱ्यातच बसत होती.

साधी हाताची तपासणी: १२ मिलिमीटरची सळई हाताने जोर लावून भरावात घाला. वीतभर सहज गेली तर तो भराव नाही, ढीग आहे. लॅबचं प्रमाण हवं असेल तर जागेवरची घनता मोजून घेता येते. बारीक मातीसाठी कोअर कटर वापरतात, आत बरोबर १००० घनसेंटिमीटर मावेल असं लोखंडी नळकांडं. मुरमात खडे असतात, तिथे कटर शिरत नाही, मग वाळू ओतून खड्ड्याचं आकारमान मोजण्याची पद्धत. दोन्ही आयएस २७२० या भारतीय मानकात दिलेल्या आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणच्या बहुतेक मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये होतात. प्रॉक्टर चाचणीत, म्हणजे लॅबमध्ये तीच माती ठरावीक ठोक्यांनी दाबून, मिळालेल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के जागेवर मिळायला हवी, ही नेहमीची अट. घरगुती कामात कुणी ही चाचणी करत नाही, आणि दुसऱ्यांदा टाइल बदलायला याच्या कितीतरी पट पैसे हसत देतो.

बाहेरून भिंतीला लागून खड्डा करणार असाल तर फुटिंगच्या तळाखाली जाऊ नका, आणि सलग चर खणू नका. एक खड्डा, तपासणी, बुजवून दाबणी, मग दुसरा. खड्डा दीड मीटरपेक्षा खोल झाला तर आधार दिल्याशिवाय माणूस आत उतरवायचा नाही, आणि काढलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खड्ड्याच्या निम्म्या खोलीइतकी, यांतलं जे जास्त असेल तेवढी लांब टाकायची, हा आयएस ३७६४ चा नियम आहे. काळी माती मार्चमध्ये भिंतीसारखी सरळ उभी राहते म्हणून भुलू नका. तिच्यात आधीच भेगा असतात, आणि एका वळवाच्या सरीनंतर ती अख्खी चकती सुटून येते.

दोन बरण्यांची चाचणी

भरावात किंवा त्याच्या खाली काळी माती निघाली तर ती किती फुगणारी आहे हे घरी अंदाजे कळतं. दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं, त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरतं आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात. रॉकेल त्यात तसं शिरत नाही. चाचणीची सगळी गंमत एवढ्यावरच आहे.

ढेकूळ उन्हात कडक वाळवा, कुटा, बारीक चाळणीने चाळा. मापाच्या दोन सारख्या उभ्या काचनळ्या घ्या, १०० मिलिलिटरच्या. प्रत्येकीत १० ग्रॅम माती. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. काडीने ढवळून हवा काढा आणि २४ तास हात लावू नका. रॉकेलमध्ये माती १२ मिलिलिटरच्या खुणेपर्यंत आणि पाण्यात २४ च्या खुणेपर्यंत आली, तर फरक १२, भागिले १२, म्हणजे मुक्त फुगवटा १०० टक्के. आयएस १४९८ नुसार ५० टक्क्यांच्या आत कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त, त्यापुढे अतिजास्त. लॅबमध्ये ४२५ मायक्रॉनची चाळणी, भट्टीत वाळवलेली माती आणि डिस्टिल्ड वॉटर वापरतात, त्यामुळे तुमचा घरचा आकडा इकडेतिकडे होईल. पण पाण्यातली माती दुप्पट झालेली दिसली की तिच्यावर टाइल बसवायची नाही, एवढं कळायला लॅबची गरज नाही.

मुरूम विकत घेतानाही हीच चाचणी करा. "मुरूम" म्हणून जे येतं त्यात पिवळसर, हाताने चुरडणारा, ओला केला की साबणासारखा लागणारा माल बराच असतो. तो फुगतो. ओल्या मुरमाची मूठ वळून बघा: हाताला चिकटून तळवा माखला तर चिकणमाती जास्त. वळलीच नाही आणि नुसते खडे राहिले तर बारीक माल कमी, तो नीट जमून बसणार नाही.

जागेचा इतिहास

एकच कोपरा बसतोय, पाणी कुठून गळत नाही, भरावही बरा आहे, तरी थांबत नाही. अशा वेळी शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा: "काका, इथे आधी काय होतं?" लेआउट पडण्याआधी ते शेत होतं आणि शेतात विहीर होती. प्लॉट पाडताना ती बुजवली, आणि विहीर बुजवायला कुणी चांगला माल वापरत नाही. जुने सातबारा उतारे काढले तर विहिरीची नोंद सापडू शकते. गट नकाशावर ओढा दिसतो, जो आज तुमच्या गल्लीचा रस्ता असतो. अशा ठिकाणी फरशी उकरून काही साधणार नाही. विहिरीचा घेर कुठपर्यंत आहे ते शोधून फरशीचा स्लॅब तिच्यावरून पेलून न्यावा लागतो, आणि त्याचं डिझाइन इंजिनिअरने करायचं.

पाणी

थोडक्यात सांगतो, कारण हे शोधणं सोपं आहे. रात्री सगळे नळ बंद करून टाकीच्या पातळीवर खूण करा, सकाळी बघा. उतरली तर पाइप गळतोय. सांडपाण्याचा चेंबर बाहेरच्या बाजूने बंद करून पाणी भरा, तासाभराने पातळी बघा. नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोवतीचा सांधा बहुतेक घरांत कधीच नीट केलेला नसतो. गच्चीची पन्हाळ जोत्याच्या पायाशी सोडली असेल तर ती आजच लांब न्या, त्यासाठी कुणाचा सल्ला नको. घराभोवती बाहेर उतार असलेली फरसबंदी किमान तीन फूट रुंद हवी, काळ्या मातीत पाच-सहा फूट केली तर पैसे वसूल होतात. आणि भिंतीला लागून केळी किंवा फुलझाडांचा वाफा करू नका. उंच वाढणारं झाड त्याच्या उंचीइतकं तरी घरापासून लांब असू द्या, त्याची मुळं उन्हाळ्यात जोत्याखालची ओल शोषून घेतात.

दुरुस्ती

नुसतं बसणं असेल आणि खाली फुगणारी माती नसेल, तर दोन वाटा. फक्त पोकळी आहे, भराव आता बसून थांबला आहे आणि काचेची पट्टी वर्षभर शाबूत राहिली आहे, अशा वेळी पीसीसीला भोकं पाडून सिमेंटचं पातळ ग्राउट कमी दाबाने सोडता येतं. स्वस्त आणि सुटसुटीत. पण हालचाल चालू असताना केलं तर पैसे पाण्यात. सध्या हे काम विकणारे बरेच झालेत आणि प्रत्येक फरशीला हेच औषध देतात, म्हणून आधी पट्टी लावा म्हणतोय.

दुसरी वाट: खोली रिकामी करायची, पीसीसी काढायचं, कचरा-काळी माती जिथपर्यंत आहे तिथपर्यंत उकरायचं. मग कठीण मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी. प्रत्येक थरावर झारीने ओल, मूठ वळेल पण हात माखणार नाही इतकीच, आणि प्लेट कॉम्पॅक्टर. घरात प्लेट कॉम्पॅक्टर चालतो, पण भिंतीलगत आणि कॉलमच्या कोपऱ्यांत त्याचा तळ पोचत नाही, तिथे लोखंडी धुमसच लागतो. मजूर नेमके तेच कोपरे सोडतात आणि फरशी नेमकी तिथेच बसते. उभं राहून करून घ्या. वर दगडाचं सोलिंग हाताने रचून, सांधे चिपांनी आणि मुरमाने भरून, मग पीसीसी. पीसीसी भिंतीला चिकटवू नका, कडेने सांधा सोडा, म्हणजे पुढे चुकून थोडी हालचाल झाली तरी तडा खोलीच्या मध्यातून जाणार नाही. भराव उघडलाच आहे तर वाळवीची प्रक्रिया पुन्हा करावी लागते, जुना थर तुम्ही तोडलेला असतो.

खाली काळी माती आणि ती फुगणारी, तर ती खोलीच्या तळाखालून काढता येईल तेवढी काढा. पठारावर बऱ्याच ठिकाणी चार-सहा फुटांवर मुरूम लागतो, तिथे सगळी काढून टाकणं हाच सरळ उपाय. नाही लागला तर तिच्यावर न फुगणाऱ्या, पण अंगात थोडा चिकटपणा असलेल्या मुरमाचा साधारण एक मीटर जाडीचा थर दाबून घालतात. याला सीएनएस (कोहेसिव्ह नॉन-स्वेलिंग) थर म्हणतात, आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून ही पद्धत पुढे आली. यासाठी वाळू किंवा खडी वापरू नका. त्यातून पाणी खाली मुरतं आणि काळ्या मातीला आयतंच पोचतं.

अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यासारखी जागा असेल, जिथे काळी माती खणावी तितकी खोल आहे, तिथे मी सरळ एकच सांगतो: तळमजल्याची फरशी मातीवर टेकवूच नका. प्लिंथ बीमवर आरसीसी स्लॅब टाका, खाली मोकळी जागा ठेवा. महाग पडतं. पण त्यानंतर खालची माती फुगो की आकसो. नवीन घर असेल तर तिथे अंडर-रीम्ड पाइल योग्य, रुरकीच्या सीबीआरआय या केंद्रीय संस्थेने काळ्या मातीसाठीच विकसित केलेले, तळाशी फुगीर कंद असलेले. ते साधारण साडेतीन मीटर खाली जातात, जिथे उन्हाळा-पावसाळ्याचा फरक फारसा पोचत नाही. आणि प्लिंथ बीमचा तळ मातीला टेकवायचा नाही, तीन-चार इंच पोकळी सोडायची. ही पोकळी गवंडी हटकून बुजवतात, "खाली मोकळं कसं ठेवायचं साहेब" म्हणत. मोकळंच ठेवायचं. त्यातून उंदीर जाऊ नयेत म्हणून बाहेरच्या बाजूने पातळ पडदी बांधा, पण बीमला खालून आधार देऊ नका.

नवीन काम सुरू करणार असाल तर

वरचं सगळं टाळायचं असेल तर खोदाईच्या आठवड्यात जागेवर उभं राहा. स्लॅबच्या दिवशी पेढे घेऊन येणारे मालक खोदाईच्या दिवशी दिसत नाहीत, आणि घोळ त्याच दिवशी होतो.

फक्की टाकून आखणी झाली की आधी अख्ख्या जोत्याच्या क्षेत्रातली वरची काळी माती काढायला सांगा, फक्त फुटिंगच्या खड्ड्यांतली नाही. ती प्लॉटच्या मागे बागेसाठी ठेवा किंवा शेतकऱ्याला द्या, पण जोत्यात जाणार नाही असं पहिल्याच दिवशी ठरवा. कारण ढीग शेजारी पडलेला असतो, जेसीबी उभाच असतो, आणि मुरमाची ट्रिप यायला उशीर झाला की ऑपरेटर दोन बकेट ढकलून मोकळा होतो. तुम्हाला वरून फक्त लाल मुरूम दिसतो.

फुटिंगचा खड्डा शेवटचे सहा इंच हाताने खणा, आणि तेही पीसीसी टाकायच्या दिवशीच. मुरमाचा तळ उघडा पडून वर पाऊस पडला की तो मऊ होतो. जेसीबीने जास्त खोल गेलं असेल तर ते माती टाकून सारखं करायचं नाही, पीसीसीनेच भरायचं.

करारात "भराव" एवढाच शब्द लिहू नका. "कठीण मुरूम, सहा इंची थरांत, पाणी मारून कॉम्पॅक्टरने दाबून, मोजमाप दाबल्यानंतरचं" असं लिहा. शेवटचे दोन शब्द नसतील तर कंत्राटदार ट्रॉलीतला सैल माल मोजून बिल लावतो आणि न दाबण्यातच त्याचा फायदा राहतो. जेसीबीचा हिशेब तासावर असेल तर थरांना वेळ जातो म्हणून तुम्हीच कुरकुर कराल, तेव्हा भरावाचं काम ब्रासवर द्या आणि खोदाईचं तासावर.

पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या सगळ्या लाइन भराव पूर्ण झाल्यावर चर खणून टाकतात. ते चर परत तितक्याच थरांनी दाबून घ्या आणि पीसीसी करण्याआधी लाइनमध्ये पाणी भरून रात्रभर ठेवा. दुरुस्तीतही हाच क्रम. फरशी उघडी आहे तोवर पाइपची चाचणी झाली नाही, तर वर्षभराने त्याच मोरीपाशी परत टाइल फोडायची वेळ येईल.